ठरलेल्या निकालाची किंमत

टोकियोच्या सेतागाया भागात तामा नदीजवळ नोगे नावाची वस्ती आहे. ‘न्यू जपान प्रो-रेसलिंग’ या कंपनीची तालीम तिथं आहे. जपानी लोक तिला दोजो म्हणतात. विशीच्या आतबाहेरची पोरं तिथंच राहतात. झाडलोट करतात, थोरल्यांचं जेवण रांधतात, भांडी घासतात, कपडे धुतात आणि पायाखाली घामाचं तळं साचेपर्यंत बैठका मारतात. मांस, मासे, भाज्या, टोफू असं सगळं एका मोठ्या भांड्यात शिजवलेला ‘चांको’ हा त्यांचा खुराक. तो सुमोकडून आलेला. बैठका मात्र आपल्याकडच्या. त्यांना तिकडे ‘हिंदू स्क्वॉट’ म्हणतात आणि त्या शेकड्यांनी मोजतात. जपानी रेसलिंगचा मूळपुरुष रिकिदोझान आपल्या चेल्यांकडून त्या हजारांनी काढून घ्यायचा. पुढे बेल्जियममध्ये जन्मलेल्या आणि इंग्लंडमधल्या विगनच्या तालमीत घडलेल्या कार्ल गॉच या वस्तादानं बैठका, सपाट्या आणि मुद्गल यांचं जपानी पैलवानांत असं काही वेड लावलं की लोक त्याला ‘कुस्तीचा देव’ म्हणू लागले.

कोल्हापूर-सांगलीकडच्या कुणालाही ही दिनचर्या परकी वाटणार नाही. वस्तादापुढं मान वर करायची नाही, थोरल्याच्या आधी ताटावर बसायचं नाही, पहिली काही वर्षं फक्त अंग कमवायचं. परकं वाटतं ते पुढचं. एवढं सगळं करून हा पोरगा ज्या लढतीत उतरतो, तिचा निकाल आधीच ठरलेला असतो. आपल्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात. जत्रेच्या मैदानात जोड नुरा लढतेय अशी नुसती शंका आली तरी लोक हुर्यो उडवतात, पंच दोघांना बाहेर काढतात आणि इनामावर पाणी पडतं. मग ठरलेल्या निकालासाठी एवढा घाम कशाला गाळायचा? मला जपानी रेसलिंगचा नाद लागला तो या एका कोड्यामुळं.

*

माझ्या पिढीला रेसलिंग म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफ. केबल घरात आली आणि तिच्याबरोबर अंडरटेकर, ब्रेट हार्ट आले. मधल्या सुट्टीत त्यांच्या ट्रम्प कार्डांवर छाती, दंड, उंची, वजन यांच्या झुंजी लागायच्या. गावातले जुने पैलवान हे पाहून हसायचे. त्यांच्या लेखी तो तमाशा होता, आणि त्यात चूक काही नव्हती. अमेरिकन रेसलिंग स्वतःला करमणूकच म्हणवतं. दाढीमिशा फुटल्या तसं बहुतेकांचं ते वेड ओसरलं. माझंही ओसरलं होतं.

ते परत उसळलं ते ४ जानेवारी २०१७च्या एका लढतीमुळं. टोकियो डोममध्ये काझुचिका ओकादा आणि कॅनडाचा केनी ओमेगा न्यू जपानच्या सर्वोच्च पट्ट्यासाठी भिडले. सेहेचाळीस मिनिटांहून अधिक वेळ. सुरुवातीला तर काही घडतच नाही असं वाटतं. मनगट धरणं, सोडवणं, मानेला कैची, पुन्हा उभं राहणं, आपल्याकडच्या खडाखडीसारखं. माइक घेऊन कुणी आरडाओरड करत नाही. हजारोंचा समुदाय शांत बसून नुसतं बघतो. समालोचन जपानीत, त्यामुळं कुणी गोष्ट समजावूनही सांगत नाही. जे कळायचं ते अंगावरून कळतं. आणि हळूहळू कळायला लागतं की मघाशी ज्या मानेवर दाब दिला होता, तीच मान आता वाकत नाहीये.

ओमेगाचा हुकमी डाव म्हणजे समोरच्याला खांद्यावर चढवून डोक्याकडून खाली आणणं, ‘वन-विंग्ड एंजल’. त्या रात्री तो एकदाही लागला नाही, आणि ओमेगा हरला. जूनमध्ये ओसाकात दोघं पुन्हा भिडले. या वेळी डाव लागला, पण ओकादाचा पाय दोरीला टेकला आणि पंचाला मोजणी थांबवावी लागली. साठ मिनिटं संपली, कुस्ती बरोबरीत. ऑगस्टमध्ये ‘जी-वन क्लायमॅक्स’ या साखळी स्पर्धेत डाव लागला आणि ओमेगा जिंकला. मात्र पट्टा पणाला नव्हता. पट्टा त्याला मिळाला ९ जून २०१८ला, तासाहून अधिक चाललेल्या लढतीत, त्याच डावानं. दीड वर्ष एकच डाव खेळवत ठेवला होता. आधीची लढत लक्षात ठेवणाऱ्यालाच पुढच्या लढतीची खरी चव कळत होती.

इथं माझ्या कोड्याचा पहिला धागा हाती लागला. जपानी रेसलिंग प्रेक्षकाच्या स्मरणशक्तीवर चालतं. कोण जिंकला यापेक्षा कोण कुणाकडून, किती वेळा, कशानं हरलेला आहे याची वही तिथं प्रत्येकाच्या डोक्यात असते. टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यामुळं तिकडची संध्याकाळची कुस्ती इकडे दुपारी चहाच्या वेळेला दिसते. २०१४च्या अखेरीस न्यू जपाननं स्वतःची इंटरनेट वाहिनी काढली, सुरुवातीला महिना ९९९ येन. तिच्यात जुन्या लढतींचं भांडारही होतं. मग मी ती वही मागं मागं चाळत गेलो.

*

मागं जाता जाता माणूस १९५४च्या टोकियोत पोचतो. महायुद्ध हरलेला आणि १९५२पर्यंत परकीय फौजांच्या अमलाखाली राहिलेला देश. त्याच १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये शोहाची इशीईनं जपानला कुस्तीतलं सुवर्ण मिळवून दिलं. त्या ऑलिंपिकमधलं जपानचं ते एकमेव सुवर्ण. मराठी माणसाला ही स्पर्धा वेगळ्या कारणानं पाठ असते. त्याच वजनगटात गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवलं होतं, आणि त्यांना हरवणाऱ्यांत हा इशीई होता.

ती झाली निकाली कुस्ती. दुसरी कुस्ती रिकिदोझाननं उभी केली. हा सुमोतला सेकिवाके, म्हणजे वरून तिसऱ्या पायरीवरचा मल्ल. १९५०मध्ये त्यानं सुमो सोडला, पुढे तो हवाईला गेला आणि अमेरिकन धाटणीचं रेसलिंग शिकून आला. १९ फेब्रुवारी १९५४ला टोकियोच्या कुरामाए कोकुगिकानमध्ये त्यानं ज्यूदोपटू मासाहिको किमुराला जोडीला घेऊन शार्प बंधूंशी लढत दिली. दूरचित्रवाणी जपानमध्ये जेमतेम वर्षाची होती आणि संच घेणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून निप्पॉन टेलिव्हिजननं चौकाचौकांत संच बसवले होते. शिम्बाशी स्टेशनाबाहेर हजारोंची गर्दी एका छोट्या पडद्याकडे माना उंचावून उभी राहिली. समोर धिप्पाड गोरे, आणि त्यांच्या छातीवर तळहाताच्या कडेनं सपासप वार करणारा आपला माणूस. युद्धातला पराभव लोकांनी त्या वारांतून वसूल केला.

गंमत अशी की शार्प बंधू अमेरिकन नव्हतेच, ते कॅनडाचे. आणि रिकिदोझान जन्मानं जपानी नव्हता. तो कोरियन, मूळ नाव किम सिन-राक. हे त्यानं जन्मभर चाहत्यांपासून लपवलं. अमेरिकन म्हणून ज्यांनी मार खाल्ला ते कॅनडाचे आणि जपानी म्हणून ज्यानं मारलं तो कोरियाचा. गर्दीच्या डोळ्यातलं पाणी तेवढं अस्सल जपानी.

त्याच वर्षी २२ डिसेंबरला रिकिदोझान आणि किमुरा एकमेकांसमोर उभे ठाकले. किमुरा साधा माणूस नव्हता. १९५१मध्ये ब्राझीलला जाऊन त्यानं तिथल्या हेलिओ ग्रेसी या मल्लाचा हात ज्या डावानं पिरगाळला, तो डाव आजही जगभर किमुराच्या नावानं ओळखला जातो. लढत बरोबरीत सोडवायची असं ठरलं होतं, असं किमुरानं पुढे सांगितलं. प्रत्यक्षात मधेच रिकिदोझान खराखुरा तुटून पडला आणि किमुरा मॅटवर निपचित. ठरलेल्या कुस्तीत ठरलेलं मोडायला एक क्षण पुरतो, आणि ते मोडू नये म्हणून दोन माणसांत किती विश्वास लागतो, हे मला या लढतीनं शिकवलं.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात रिकिदोझाननं आशियाई पट्ट्यासाठी किंग काँगला हरवलं. आपल्या आजोबांच्या पिढीला मुंबईतल्या कुस्त्यांच्या जाहिरातींतून माहीत असलेला तोच किंग काँग. त्याच्याबरोबर त्या दौऱ्यावर दारासिंगही जपानला गेला होता. मे १९६३मध्ये मुखवटाधारी डिस्ट्रॉयरशी झालेली रिकिदोझानची लढत जपानमधल्या चौसष्ट टक्के दूरचित्रवाणी-घरांत पाहिली गेली. त्याच वर्षी डिसेंबरात टोकियोतल्या एका नाइट क्लबमध्ये एका गुंडानं त्याला भोसकलं आणि आठवड्यानं तो गेला. वय ३९.

*

रिकिदोझानचे दोन चेले ३० सप्टेंबर १९६० या एकाच दिवशी आखाड्यात उतरले होते. शोहेई बाबा, ऊर्फ ‘जायंट बाबा’, बेसबॉल सोडून आलेला, २०९ सेंटिमीटर उंच. आणि लहानपणी कुटुंबाबरोबर ब्राझीलला गेलेला, तिथून रिकिदोझाननं उचलून आणलेला आंतोनिओ इनोकी. १९७२मध्ये दोघांनी सवतासुभा मांडला. इनोकीची न्यू जपान, बाबाची ऑल जपान.

इनोकीचा हट्ट असा की रेसलिंग ही जगातली सगळ्यात तगडी लढाई आहे हे लोकांना पटलं पाहिजे. त्यासाठी त्याला खलनायक लागायचे. पंजाबातून कॅनडात स्थायिक झालेला टायगर जीत सिंग फेटा बांधून, हातात तलवार घेऊन यायचा. नोव्हेंबर १९७३मध्ये इनोकी पत्नीबरोबर टोकियोच्या शिंजुकू भागात खरेदीला गेला असताना टायगर जीतनं भर रस्त्यात त्याला बडवलं. पोलीस आले, वर्तमानपत्रांत मथळे झळकले आणि पुढची तिकिटं हातोहात खपली. त्याच टायगर जीतच्या नावानं आज कॅनडातल्या मिल्टन शहरात शाळा आहे, तिथल्या समाजकार्याबद्दल. २६ जून १९७६ला इनोकीनं मुहम्मद अलीला बुदोकान सभागृहात उतरवलं. पंधरा फेऱ्या इनोकी बहुतेक वेळ जमिनीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. लढत बरोबरीत सुटली, प्रेक्षक चिडले आणि अलीचे पाय सुजले. डिसेंबरात कराचीत गामा पैलवानाचा पुतण्या अक्रम इनोकीसमोर आला. ठरलेलं बाजूला राहिलं, कुस्ती खरी झाली आणि इनोकीनं अक्रमचा हात जायबंदी केला. डाव तोच, किमुराचा. पुढे इनोकी खासदार झाला, १९९०मध्ये इराकमध्ये अडकलेल्या जपान्यांच्या सुटकेसाठी बगदादला गेला आणि १९९५मध्ये त्यानं प्याँगयांगला रेसलिंगचा जलसा भरवला. त्याच्या हातची थप्पड खायला लोक रांगा लावायचे. ती लागली की नशीब उघडतं म्हणे.

बाबाचा स्वभाव उलटा. त्याला गाजावाजा नको होता. कुस्ती अशी बांधायची की आखाड्यातच सगळं यावं. माझा जीव जडला तो त्याच्या कंपनीवर, विशेषतः १९९०च्या दशकातल्या. मित्सुहारू मिसावा आणि तोशिआकी कावादा एकाच शाळेच्या कुस्तीसंघातले, मिसावा एक वर्ष पुढे. मिसावा काही वर्षं ‘टायगर मास्क’चा मुखवटा घालून लढायचा. मे १९९०मध्ये ऐन लढतीत त्यानं कावादाकडून मुखवट्याची नाडी सोडवून घेतली आणि उघड्या चेहऱ्यानं लढला. महिन्याच्या आतच, ८ जूनला, त्यानं कंपनीचा सर्वांत मोठा मल्ल जंबो त्सुरुता याला बुदोकानमध्ये चितपट केलं. त्या रात्री बाहेर मिसावाच्या नावाचा गजर ऐकून बाबानं ऐनवेळी निकाल फिरवला, असं त्या वर्तुळात सांगतात.

त्यानंतर सुरू झाली कावादाची कुचंबणा. शाळेतला थोरला इथंही थोरलाच. पट्ट्यासाठी लढायचं आणि हरायचं. ९ जून १९९५ची जोडीची लढत या सगळ्याचा कळस आहे. एका बाजूला मिसावा आणि केंटा कोबाशी, दुसऱ्या बाजूला कावादा आणि आकिरा ताउए. मिसावाच्या डोळ्याजवळच्या हाडाला आधीच इजा झालेली, कोबाशीचा पाय दुखावलेला. समोरचे दोघं नेमके तिथंच घाव घालतात. कोबाशीच्या पायावर लाथांमागून लाथा बसतात, इतक्या की तो उभाच राहू शकत नाही. चाळीस मिनिटांच्या आसपास मिसावा एकटा सापडतो. तेव्हा कोबाशी सरपटत येतो आणि मिसावाच्या अंगावर आडवा पडतो. त्याच्याकडे आता डाव उरलेला नसतो, ताकद उरलेली नसते. मिसावाला बसणारा मार स्वतःच्या पाठीवर घेणं एवढंच उरलेलं असतं. ते दोघं त्याला बाजूला खेचतात, ताउए त्याला अडवून धरतो आणि कावादा मिसावाला दाबून ठेवत तीनची मोजणी पुरी करतो. कावादानं मिसावाचे खांदे पहिल्यांदा टेकवले ते त्या रात्री, तेही जोडीदाराच्या मदतीनं. एकट्यानं त्याच्याकडून मुख्य पट्टा जिंकायला १ मे १९९८ उजाडावं लागलं.

निकाल ठरलेला होता हे मला माहीत आहे. तरीही कोबाशी आडवा पडतो तिथं मी दरवेळी हादरतो, कारण त्याच्या पाठीवर पडलेला मार कुणीही आधी ठरवून पुसू शकत नाही. निकाल कार्यालयात ठरतो; त्याची किंमत मात्र आखाड्यातच मोजावी लागते. माझ्या कोड्याचं उत्तर मला इथं सापडलं. तालमीतल्या त्या बैठका ही किंमत मोजायची ऐपत यावी म्हणून असतात.

*

पण हे उत्तर सापडलं तिथंच गोडी कडवटही झाली. या शैलीत प्रत्येक लढत मागच्याहून एक पायरी वर न्यावी लागायची. काल ज्या डावानं कुस्ती संपली, त्यातून आज माणूस उठला पाहिजे. मग डाव अधिक उंचावरून, अधिक डोक्याकडून. मिसावानं २०००मध्ये ‘नोआ’ नावाची स्वतःची कंपनी काढली. मालक तो, व्यवस्थापक तो आणि तिकिटं खपवणारा चेहराही तोच, त्यामुळं थकलेल्या मानेला विश्रांती नाही. १३ जून २००९ला हिरोशिमात एका साध्या, हजारदा खाल्लेल्या पाठीवरच्या फेकीनंतर तो उठला नाही. ४६ वर्षांचा होता. फेकणाऱ्याचा दोष नव्हता. ती मान वीस वर्षांत आधीच खर्ची पडली होती, आणि तो खर्च टाळ्या वाजवून आम्ही मागून घेतला होता. एप्रिल २०१७मध्ये कात्सुयोरी शिबातानं ओकादाच्या कपाळावर स्वतःचं डोकं इतक्या जोरानं आपटलं की शिबाताच्याच मेंदूलगत रक्तस्राव झाला आणि ऐन भरात त्याची कारकीर्द अडकली.

बायकांच्या रेसलिंगनं किंमत वेगळ्या नाण्यात वसूल केली. १९८०च्या दशकात चिगुसा नागायो आणि लायनेस आसुका या ‘क्रश गॅल्स’ गाणी म्हणायच्या, लढायच्या आणि शाळकरी मुली त्यांच्यासाठी गळा फुटेस्तोवर ओरडायच्या. ऑल जपान विमेन्स कंपनीचा दंडक असा की दारू, सिगारेट आणि प्रियकर वर्ज्य, आणि पंचविशीच्या सुमारास निवृत्ती. २८ ऑगस्ट १९८५ला ओसाकात केसांच्या पैजेची लढत झाली. चिगुसा खलनायिका डंप मात्सुमोतोकडून हरली आणि भर आखाड्यात तिचं मुंडण झालं. सभागृहातल्या मुलींचा आकांत चित्रफितीत आजही ऐकवत नाही. आपल्या वाट्याचं हरणं कुणीतरी सगळ्यांसमोर भोगतंय, असं काहीसं त्यांना वाटलं असावं. डंपच्या आयुष्यावर २०२४मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका आली आणि चाळीस वर्षांपूर्वीचं ते वेड नव्या पोरींपर्यंत पोचलं.

*

हे सगळं जिथं रुजतं ती जागा बघायची तर टोकियो डोमपेक्षा त्याच्या शेजारचा कोराकुएन हॉल बघावा. १९६२पासूनची वास्तू, पाचव्या मजल्यावर, दोन हजारांच्या आतबाहेर माणसं मावतात. जिन्याच्या भिंती चाहत्यांनी खरडलेल्या मजकुरानं भरलेल्या. एका बाजूच्या खुर्च्या इतक्या चढत्या की शेवटच्या रांगेतल्यालाही मल्लाचा श्वास दिसावा.

तिथं संध्याकाळची पहिली जोड बहुधा शिकाऊ पोरांची, म्हणजे ‘यंग लायन्स’ची. काळी चड्डी, काळे बूट, संगीत नाही, मुखवटा नाही, हवेतल्या उड्या नाहीत. छातीवर चापट, कोपराचा धक्का, खांद्यावरून फेक एवढंच भांडवल. सात-आठ मिनिटांत एकजण पालथा पडतो, दुसरा त्याचे दोन्ही पाय काखेत धरून पाठीकडे वाकवतो. खालचा पोरगा दोरीकडे बोट बोट सरकतो. पोचला की टाळ्या. मधे ओढला गेला की हळहळ. शेवटी तो मॅटवर हात आपटतो. हरलेल्याचं नाव त्या हॉलमधले लोक लक्षात ठेवतात, कारण कधीतरी तो परदेशी पाठवला जाईल, नवं नाव आणि नवा पोशाख घेऊन परतेल, आणि तेव्हा त्याची वही पहिल्या पानापासून आपल्याकडे असावी अशी त्यांची इच्छा असते. करोनाच्या काळात, २०२० ते २०२२, आवाज काढायलाच बंदी होती. लोक मास्क लावून बसत, टाळ्या वाजवत, पाय आपटत. तेवढ्या टाळ्यांतूनही कुठला डाव मनापासून आवडला ते बरोबर कळायचं.

गावाकडचे जुने पैलवान अजूनही विचारतात, ‘अरे, पण खरं असतं का ते?’ मी त्यांच्याशी वाद घालत नाही. निकाली कुस्तीचा मान वेगळा आणि खाशाबांच्या मातीत वाढलेल्या माणसानं तो राखावा. पण जपानी रेसलिंगला विचारायचा प्रश्न दुसरा आहे: हे दोघं एकमेकांची किती काळजी घेतात? फेकणाऱ्यानं फेकल्या जाणाऱ्याची मान सांभाळली का, आणि तसं करताना हजार लोकांना श्वास रोखायला लावलं का? निकाली कुस्तीत समोरच्याला हरवणं हे कौशल्य. इथं समोरच्याला हरताना शाबूत ठेवणं हे कौशल्य, आणि ते कमी अवघड नाही.

म्हणून कुणी विचारलंच की सुरुवात कुठून करू, तर मी १९९५ची ती लढत दाखवतो आणि लगेच मिसावाचं पुढे काय झालं तेही सांगतो. एक सांगून दुसरं लपवणं ही खरी नुरा कुस्ती ठरेल. चांगल्या लढतीसाठी माझ्या आता दोन अटी आहेत. दोघांनी मिळून हॉल डोक्यावर घ्यायला लावला पाहिजे, आणि पुढच्या आठवड्यात दोघांना पुन्हा लढता आलं पाहिजे. पहिली अट मल्ल आपणहून पुरी करतात. दुसरी पुरी व्हायची असेल तर टाळी कुठं वाजवायची आणि कुठं आवरायची, हे खुर्चीत बसलेल्यालाही शिकावं लागतं.